पॉवरवर, म्हणजे पेडल मारण्याच्या ताकदीचे वॅट बघून ट्रेनिंग करायचंय, घरासाठी कुठला सायकल ट्रेनर घ्यावा?

बजेट असेल तर डायरेक्ट ड्राइव्ह स्मार्ट ट्रेनरच (वॅट मोजून लोड स्वतः बदलणारा) घ्या. यात मागचं चाक काढून चेन थेट ट्रेनरच्या कॅसेटवर (मागच्या गिअरच्या चकत्यांवर) बसते. चाक रोलरवर टेकवायचे ट्रेनर स्वस्त पडतात, पण टायर तापला किंवा हवा जरा उतरली की वॅटचे आकडे हलतात. मग कॅलिब्रेट करत बसा. ±२% अचूकता पुरे, ±१% साठी जादा पैसे मोजण्यात मला तरी अर्थ वाटत नाही. क्रँक किंवा पेडलमध्ये पॉवर मीटर आधीच असेल तर साधा ट्रेनरही चालेल. फक्त अर्ग मोड मिळणार नाही, म्हणजे २०० वॅट लावले की पाय मंदावले तरी लोड वाढवून २०० वरच धरून ठेवणारी सोय. तुमच्या सायकलला जुळणारी कॅसेट आणि थ्रू ॲक्सलचा (चाकातून आरपार जाणाऱ्या दांड्याचा) अडॅप्टर सोबत येतो का, हे पैसे भरण्याआधी विचारा. आणि हो, पंखा मोठा घ्या. उकाड्यात तोच आधी लागतो.