संकटातही देवाचे आभार मानणे ही स्वतःची फसवणूक आहे का?

वडील गेल्यावर घर अडचणीत असतानाही आई रोज संध्याकाळी रोझरीनंतर (जपमाळेच्या प्रार्थनेनंतर) देवाचे आभार मानते, त्याचा तुम्हाला राग येतो, असे तुम्ही लिहिले आहे. आणि ख्रिस्ती श्रद्धेतून कृतज्ञता व आशा खरोखर मिळते की ती केवळ मनाची समजूत असते, असे विचारले आहे. माझे उत्तर आहे की मिळते. मात्र आपल्या घरांत ती ज्या रीतीने शिकवली जाते, त्या रीतीला बायबलचा आधार फारसा नाही. याच मुद्द्यावर माझा माझ्या थोरल्या दिरांशी जुना वाद आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

आम्ही मुरूड तालुक्यात किनाऱ्यालगत राहतो. नारळ-पोफळीची वाडी हाच घराचा मुख्य आधार. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आले आणि काही तासांत आमच्या वाडीची दशा अशी झाली की बांधावर उभे राहिल्यावर जो समुद्र पूर्वी झाडांमुळे कधी दिसत नसे, तो सरळ दिसू लागला. पोफळी मधोमध मोडल्या होत्या, सासऱ्यांच्या हातचे माड मुळांसकट आडवे झाले होते आणि घरावरचे पत्रे शेजाऱ्यांच्या विहिरीपाशी सापडले. वीज पुष्कळ दिवस आली नाही. त्यातच टाळेबंदी होती. राज्यातील प्रार्थनास्थळे 16 नोव्हेंबरपर्यंत उघडली नाहीत, त्यामुळे चर्चमध्ये जाऊन चार माणसांत मन मोकळे करण्याची सोयही उरली नव्हती. मोबाइलवर मिस्सा, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासना, पाहायची सवय नुकतीच लागली होती, तर आता मोबाइल चालू करायलाही वीज नव्हती.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी मेणबत्तीच्या उजेडात रोझरी झाली आणि दिरांनी प्रार्थना सांगितली. पडलेल्या प्रत्येक झाडाबद्दल देवाचे आभार माना, यामागे त्याची योजना आहे, ज्यांची घरेच गेली त्यांच्यापेक्षा आपण सुखी आहोत, आणि रडणे म्हणजे अविश्वास, असे ते म्हणाले. सासूबाई काही न बोलता उठल्या आणि पडवीत जाऊन बसल्या. नवी सून म्हणून या घरात आल्यापासून ती झाडे त्यांनी शिंपली होती. मी दिरांना म्हटले, “भाऊजी, देवाला खोटे कशाला सांगायचे?” तेव्हापासून हा वाद मिटलेला नाही.

माझे म्हणणे स्पष्ट आहे. वाईट गोष्टीला चांगली म्हणणे ही श्रद्धा नाही. बायबलमधल्या ईयोबाच्या ग्रंथात ईयोबाची संपत्ती आणि मुले गेली, तेव्हा त्याने देवाला अत्यंत कठोर शब्दांत जाब विचारला, आणि त्याच्या मित्रांनी देवाची बाजू घेऊन त्याला गप्प करण्याचा प्रयत्न केला; पण त्या ग्रंथाच्या शेवटी देव त्या मित्रांवर रागावतो आणि माझ्याविषयी योग्य ते ईयोबच बोलला, असे सांगतो. बायबलमधील 150 स्तोत्रांपैकी कितीतरी स्तोत्रे विलापाची आहेत. 88 वे तर शेवटपर्यंत अंधारातच राहते, आणि तरीही ते प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. दीर यावर म्हणतात की वाळवंटात कुरकुर करणाऱ्या इस्राएली लोकांना शिक्षा झाली. खरे आहे, परंतु ते लोक देवाकडे पाठ फिरवून मिसर देशात परत जायचे म्हणत होते, तर स्तोत्रकर्ता आपले रडगाणे देवाच्याच पुढ्यात मांडतो. हा फरक मला फार मोठा वाटतो.

“आपल्यापेक्षा दुःखी लोक आहेत, म्हणून आभार माना” हा उपदेश तर मला मुळीच मान्य नाही. लूकच्या शुभवर्तमानाच्या 18 व्या अध्यायात एक परुशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला माणूस) मंदिरात उभा राहून आपण इतरांसारखे नाही म्हणून देवाचे आभार मानतो, आणि येशूने नाकारलेली प्रार्थना नेमकी तीच आहे. शेजाऱ्याचे छप्पर उडाले याचा हिशेब मांडून जे समाधान मिळते, त्यात शेजाऱ्यावरची प्रीती कुठे राहिली?

मग खरी कृतज्ञता कोणती? प्रत्येक मिस्सामध्ये आपण ती ऐकतो. ज्या रात्री येशूला शत्रूंच्या हाती देण्यात आले, त्याच रात्री त्याने भाकर घेतली आणि उपकार मानले. पुढे काय होणार हे त्याला ठाऊक होते. थोड्याच वेळाने बागेत त्याने दुःखाचा हा प्याला टळावा अशी विनवणीही केली. उपकारस्तुती आणि विनवणी एकाच रात्री, एकाच मुखातून आली. त्याने आभार मानले ते हाती असलेल्या भाकरीबद्दल, आणि जवळ असलेल्या पित्याचे.

आशेचेही तसेच आहे. हबक्कूक संदेष्ट्याच्या शेवटच्या अध्यायात अंजीर फुलत नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरे नाहीत, आणि तरीही तो देवाच्या ठायी आनंद करीन म्हणतो. पुढच्या वर्षी पीक येईल, असे तो कुठेही म्हणत नाही. बागायतदाराच्या घरात हा उतारा वाचताना गळा दाटून येतो. पोफळीचे रोप लावले तर सुपारी धरायला पाच-सहा वर्षे सहज जातात, आणि कोवळ्या रोपाला सावली लागते. आमची तर सावलीच गेली होती. म्हणून आम्ही आधी केळी लावल्या, त्यांच्या आडोशाला पोफळीची रोपे लावली. सासूबाईंनी वयाच्या त्या टप्प्यावर स्वतः रोपे निवडून दिली, आणि त्याच दिवसांत रोझरीच्या वेळी सासऱ्यांच्या झाडांची आठवण काढून त्या मोकळेपणाने रडतही होत्या. त्यांना अविश्वासू म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही.

रोजच्या आचरणाबद्दल थोडेसे सांगते. येशूसंघाचे (जेझुइट) संस्थापक संत इग्नेशियस लोयोला (1491–1556) यांनी दिवसाच्या परीक्षणाची जी पद्धत घालून दिली, तिची पहिली पायरी मिळालेल्या देणग्यांबद्दल आभार मानणे हीच आहे. आपल्या चुकांचा विचार त्यानंतर येतो. आभार मानताना नेमकी गोष्ट घ्या: आज कोणी दार ठोठावून विचारपूस केली, कोणत्या दुकानदाराने उधारीसाठी तगादा लावला नाही. मोघम आभारांचा मनावर परिणाम होत नाही, असा माझा अनुभव आहे.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. मी धर्मशास्त्र शिकलेली नाही. वाचन आणि प्रवचने यांवरून लिहिते आहे. शिवाय तुम्हाला झोप लागत नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरांकडेही जा. त्यात श्रद्धेला कमीपणा नाही. माझे दीरही वाईट माणूस नाहीत. वादळानंतर शेजाऱ्यांच्या घरांवर पत्रे चढवायला सर्वांत आधी तेच गेले होते. त्यांची कृती मला त्यांच्या शिकवणुकीपेक्षा अधिक ख्रिस्ती वाटते, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितले आहे.

तुमच्या आईविषयी निर्णय करण्यापूर्वी त्या कशाबद्दल आभार मानतात, हे त्यांनाच विचारा. वडिलांच्या मृत्यूबद्दल आभार मानले पाहिजेत असे कोणी त्यांना शिकवले असेल, तर तुमचा राग योग्य आहे आणि तो त्या शिकवणाऱ्यावर असावा. परंतु त्या वडिलांच्या सहवासात गेलेल्या वर्षांबद्दल आणि अजून घरात असलेल्या तुमच्याबद्दल आभार मानत असतील, तर त्यात फसवणूक कसलीही नाही. तेव्हा त्यांच्या शेजारी बसा, आणि तुमची तक्रार त्याच रोझरीत मोठ्याने बोलून दाखवा.