कॉफीत कॉफी : रेड आय मागवायची कशी?

प्रश्न : ताई, मुलगा बंगलोरहून आला होता, तो छप्पन दुकानजवळच्या एका कॅफेत घेऊन गेला. त्याने स्वतःला रेड आय सांगितली, मी म्हटलं मला एस्प्रेसो, लग्नात पितो ती. तर माझ्यापुढे बोटभर कडू काळी कॉफी आणि त्याच्यापुढे हा मोठा मग! माझी एवढी कडू, म्हणजे स्ट्राँग माझीच ना? तो म्हणतो नाही, त्याची. आणि हे रेड आय, ब्लॅक आय काय प्रकरण आहे? सध्या त्याची रात्रपाळी आहे, रोज पितो म्हणून काळजी वाटते.
– एक काका, रामबाग, इंदूर

उत्तर : काका, मुलगा बरोबर बोलला. पण आधी लग्नातल्या एस्प्रेसोचं सांगते, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. आपल्याकडे रिसेप्शनला कोपऱ्यात ते मशीन असतं बघा, माणूस कपात कॉफी पावडर, साखर, दूध घालून वाफेच्या नळीखाली धरतो, खर्रर्र आवाज होतो, फेस काठापर्यंत येतो, वरून चॉकलेट पावडर भुरभुरवतो, आणि त्यालाच आपण वर्षानुवर्षं एस्प्रेसो म्हणत आलो. चवीला छानच, मला अजूनही आवडते, पण तिथे वाफ फक्त दूध तापवायला आणि फेस आणायला. इटलीतली एस्प्रेसो वेगळी, तिच्यात बारीक दळलेली 7 ते 9 ग्रॅम कॉफी दाबून बसवतात आणि साधारण 9 बारच्या दाबाने गरम पाणी तिच्यातून 25-30 सेकंदांत ढकलतात, खाली उतरते जेमतेम 30 मिली, वर बदामी फेसाचा पातळ थर, त्याला क्रेमा म्हणतात. दूध नाही, साखर नाही. तुमच्यापुढे आली ती हीच.

आता स्ट्राँग कोणती. चवीने तुमची, पण झोप उडवायच्या हिशोबाने त्याची. एस्प्रेसोत घोटाघोटाला कॅफीन जास्त पण घोटच दोन-तीन, त्यामुळे एका शॉटमध्ये, म्हणजे त्या बोटभर कपात, साधारण 60-65 मिलीग्रॅम होतं, आणि 240 मिलीच्या साध्या गाळलेल्या काळ्या कॉफीत 95 च्या आसपास. रेड आय म्हणजे त्या गाळलेल्या कॉफीच्या मगात वरून एक शॉट ओतायचा, झाले 160. दोन शॉट घातले की ब्लॅक आय, 220 च्या घरात, तीन घातले की डेड आय, 285 च्या पुढेमागे. कॉफीचा मग मोठा असेल तर आकडा अजून चढतो, आणि कॉफी रोबस्टा जातीच्या बियांची असेल तर फारच, कारण तिच्यात अरेबिका या दुसऱ्या जातीच्या जवळपास दुप्पट कॅफीन असतं आणि आपल्या देशात रोबस्टाच जास्त पिकते. रेड आय हे नाव अमेरिकेतल्या रात्रभराच्या विमानांवरून पडलं असं सांगतात, सकाळी उतरणाऱ्यांचे डोळे लाल असायचे म्हणून.

मागवताना मात्र नावावर राहू नका. ही नावं सगळीकडे सारखी नाहीत, मेनूत असतीलच असंही नाही. मी एकदा पलासियाला नुसतं रेड आय म्हटलं तर काउंटरवरचा मुलगा खरोखर गोंधळून म्हणाला, "दीदी, कॉफी में कॉफी डालूं क्या?" तेव्हापासून मी सरळ सांगते : एक काळी कॉफी, बिनसाखरेची, आणि एस्प्रेसोचा एक शॉट वेगळ्या छोट्या कपात. वेगळा घेतला की आधी चव बघता येते, मग हवा तेवढाच ओतायचा, जड वाटला तर राहू द्यायचा. आणि एक विचाराच, शॉट सिंगल की डबल? हल्ली बऱ्याच मशीनवर डबलच काढतात, म्हणजे आपण रेड आय समजून पितो आणि पोटात जाते ब्लॅक आय.

मुलाचं म्हणाल तर निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला 400 मिलीग्रॅमपर्यंत चालतं असं धरतात, पण त्यात घरचा चहाही मोजायचा. दिवसाला एक रेड आय असेल तर घाबरू नका, डेड आय रोज नको. वेळ मात्र सांभाळायला सांगा, कॅफीनचा निम्मा भाग उतरायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणून पाळी सुरू होताना प्यायची, पहाटे तीनला घेतली तर घरी येऊन सकाळी टक्क जागा राहील. छातीत धडधडत असेल, बीपी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे शॉट-बिट नकोत. गरोदर बायकांसाठी तर मर्यादा 200 च आहे, तिथे एक रेड आय प्यायली की दिवसाचा कोटा जवळजवळ संपलाच.

प्रश्न : अमेरिकानो आणि रेड आय एकच का?
– लोकमान्य नगर

उत्तर : नाही हो. अमेरिकानोत शॉटमध्ये गरम पाणी, रेड आयमध्ये शॉट कॉफीत. ज्या कॅफेत गाळलेली कॉफी तयार नसते तिथे अमेरिकानोत एक जादा शॉट टाकून देतात, वाईट लागत नाही, पण तो आपला डबल शॉट अमेरिकानोच झाला. बिल द्यायच्या आधी विचारून घ्या.

प्रश्न : ताई, मी भंवरकुआँला हॉस्टेलवर राहते, परीक्षा जवळ आलीये, काळी कॉफी घशाखाली उतरत नाही. दुधातलं काही?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : अगं, लाटे म्हणजे एस्प्रेसोत भरपूर गरम दूध, त्या कॉफीत एक जादा शॉट सांग, किंवा मसाला चहात एक शॉट घालतात ती डर्टी चाय मागव, आलं-वेलचीबरोबर कॉफीचा कडवटपणा छान मुरतो, मला तर ती रेड आयपेक्षा आवडते. रूमवर करायची तर साउथचं स्टीलचं फिल्टर आण, डिकॉक्शन म्हणजे कॉफीचा अर्क नेहमीपेक्षा घट्ट काढ, वरून गरम दूध. पावडर घेताना पाकिटावर चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेली मुळी) किती टक्के ते वाच, चिकोरीने रंग आणि कडूपणा येतो पण तिच्यात कॅफीन अजिबात नसतं, कप काळाभोर दिसेल आणि तू पुस्तकावर डुलक्या घेशील. आणि शेवटचा कप दुपारी चारच्या आत, पेपरच्या आदल्या रात्री तुला झोप हवीये.