मोठा टूलबॉक्स घेऊ का चाकांचा? आधी उचलून बघा

या वेळी पत्रं जवळजवळ सगळी एकाच विषयावर आलीत, बाहेर कामाला जाताना अवजारांची पेटी कशी घ्यायची आणि कशी लावायची. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात, आज फक्त पेटी.

प्रश्न : दादा नमस्कार, मी मशिनच्या सर्व्हिसिंगचं काम करतो. आठवड्यातले चार-पाच दिवस बाहेरच असतो, कधी बसने तर कधी कोणाच्या गाडीतून. माझी पत्र्याची पेटी आहे, भरली की २१ किलो होते, आणि तरी साइटवर गेल्यावर नेमकं जे पाहिजे तेच नसतं. आता चाकांचा मोठा टूलबॉक्स घ्यायचा विचार आहे. कोणता घेऊ?

उत्तर : आत्ता तरी कोणताच नको. २१ किलो सामान आणि तरी पाहिजे ते नाही, म्हणजे तुमची जागा कमी पडत नाहीये, निवड चुकतीये. मोठी पेटी घेतलीत तर ती पण महिनाभरात भरेल, माझी भरली होती. मी चाकांची पेटी हौसेने घेतली आणि पहिल्याच आठवड्यात लिफ्ट बंद, काम तिसऱ्या मजल्यावर, जिन्यात चाकांचा उपयोग काही नाही, उलट चाकं आणि ओढायचा दांडा यांचंच ओझं वर. दोन फेऱ्या माराव्या लागल्या. सपाट फरशी, पार्किंगपासून लिफ्टपर्यंत रस्ता, असं ज्यांचं काम आहे त्यांनी चाकांची जरूर घ्यावी. बसमध्ये चढणाऱ्याने नाही.

वजनाचं म्हणाल तर अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी नायॉश म्हणून सरकारी संस्था आहे, तिच्या ओझं उचलायच्या फॉर्म्युल्यात वरची मर्यादा २३ किलो धरलीये. पण ती कधी, तर वस्तू अंगाला लागून, कंबरेच्या आसपासच्या उंचीला, दोन्ही हातांनी, पकड चांगली आणि कंबर न पिळता उचलली तर. तेच ओझं शरीरापासून ५० सेंटिमीटर लांब धरलं की नुसत्या अंतरामुळे मर्यादा निम्म्यावर येते, आणि एका हाताने उचलायला तो फॉर्म्युला लागूच होत नाही. आपण पेटी कशी उचलतो? जमिनीवरून, एका हाताने, एका अंगाला झुकून. माझा स्वतःचा हिशोब असा की हातातली पेटी भरून ८-९ किलोच्या वर जाऊ द्यायची नाही, त्याच्या वर गेली तर सामान दोन पेट्यांत करून दोन हातांत घ्यायचं, नाहीतर सरळ पाठीवरची टूल बॅग.

आता निवड कशी करायची ते. पेटीच्या झाकणात एक छोटी वही ठेवा आणि पुढच्या पंधरा व्हिजिटना दोनच गोष्टी लिहा, आज काय काय बाहेर काढलं आणि आज काय नव्हतं म्हणून अडलं. बास. कंटाळा येतो पण लिहा, कारण आपल्याला वाटतं की आपण सगळं वापरतो आणि वही सांगते की तोच टेस्टर, तीच पक्कड, तेच तीन पाने आणि कटर. पंधरा व्हिजिटनंतर पेटी रिकामी करून सगळं जमिनीवर मांडा आणि वहीत ज्याचं नाव एकदाही आलं नाही ते बाजूला काढा.

बाजूला काढलेलं सगळंच घरी ठेवायचं असं मात्र नाही, इथे लोक चुकतात. प्रत्येक वस्तूला दुसरा प्रश्न विचारायचा, ही नसेल तर काम अडतं का? तुटलेला बोल्ट काढायचा एक्स्ट्रॅक्टर वर्षातून दोनदा लागत असेल, पण ज्या दिवशी लागतो त्या दिवशी तो नसेल तर अख्खा दिवस गेला, आणि वजन किती, खिशातल्या पेनाएवढं. तो राहू दे. दुसरी हातोडी, मोठा पाईप पाना, सव्वा फुटाची करवत, यांच्याशिवाय जर तुमचं काम निघतंय तर त्या घरी बऱ्या. जड आणि क्वचित लागणारं सामान आधी फोन करून विचारून न्यायचं, ‘मशीन कोणतं, बिघाड काय, किती उंचीवर आहे’ हे तीन प्रश्न निघायच्या आधी विचारले की निम्मं ओझं तिथेच कमी होतं.

पान्यांचा पूर्ण सेट न्यायची खोड सोडा. मिलिमीटरच्या बोल्टला पान्याचे माप ठरलेले असतात, (एम म्हणजे बोल्टची मिलिमीटरमधली जाडी, पुढचा आकडा पान्याचा) एम ४ ला ७, एम ५ ला ८, एम ६ ला १०, एम ८ ला १३, एम १० ला १७ किंवा नव्या मापात १६, एम १२ ला १९ किंवा १८. तुमच्या मशिनवर कोणते बोल्ट आहेत ते तुम्हाला पाठ असणार, मग बारा पाने कशाला? त्यापेक्षा १० आणि १३ चे दोन-दोन ठेवा, कारण एकाने बोल्टचं डोकं धरायचं आणि दुसऱ्याने नट फिरवायचा, आणि सेटमध्ये प्रत्येक मापाचा एकच असतो म्हणून माणूस पक्कड लावून नटाचे कोपरे खाऊन ठेवतो. अचानक वेगळं माप निघालं तर एक चांगला स्क्रू पाना, म्हणजे तोंड कमी-जास्त होणारा, पुरतो. ॲलन कीचं, म्हणजे सहाकोनी खाचेच्या बोल्टच्या वाकड्या किल्लीचं, पण तसंच, एम ५ ला ४, एम ६ ला ५, एम ८ ला ६, एम १० ला ८, हे चार आधी बघा.

स्क्रू ड्रायव्हर आठ-दहा नेण्याऐवजी एक चांगलं हँडल आणि पाव इंची बिट्स. फक्त बिट घेताना फिलिप्स आणि पोझी यात गल्लत करू नका, दोन्ही चौफुलीच दिसतात पण पोझीच्या स्क्रूच्या डोक्यावर फुलीच्या मधे चार बारीक रेघा जास्तीच्या असतात. पोझीच्या स्क्रूत फिलिप्सचा बिट घातला तर बसल्यासारखा वाटतो आणि जोर दिला की घसरून खाच खातो, मग लोक स्क्रूला शिव्या देतात. आणि करंटच्या कामाला हे बिटवालं हँडल वापरायचं नाही, त्याला वेगळा इन्सुलेटेड ड्रायव्हर, ज्यावर दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्होल्ट लिहिलेलं असतं. प्लास्टिकची मूठ म्हणजे इन्सुलेशन नाही. मीटर म्हणजे मल्टीमीटर घेताना पण कॅट २ का कॅट ३ ते बघा, ही त्यावर छापलेली सुरक्षेची श्रेणी असते, कॅट २ प्लगला लावायच्या उपकरणांपुरता, इमारतीच्या बोर्डात हात घालणार असाल तर कॅट ३ लागतो.

एवढं करून जे उरेल ते मांडून त्याची लांबी-रुंदी मोजा आणि मग पेटी घ्यायला जा. सगळ्यात लांब वस्तू तिरकी न ठेवता आत बसली पाहिजे, झाकण बंद झालं पाहिजे, आणि दुकानातच सामान घालून उचलून बघायची, लाज वाटून घ्यायची नाही.

प्रश्न : ताई, मी वायरिंग आणि छोटी प्लंबिंगची कामं दोन्ही करते. पेटी सकाळी नीट लावते आणि पहिल्या साइटनंतरच सगळा काला होतो. दोन-तीन कप्पेवाले ट्रे घेतले, तरी तेच. लावायची काही पद्धत आहे का?

उत्तर : ताई नाही हो, दादाच आहे, पण चालतं. तुम्ही बहुतेक अवजाराच्या प्रकाराप्रमाणे लावताय, पकडी एका कप्प्यात, पाने एका कप्प्यात, टेपा एका कप्प्यात. घरच्या भिंतीवर ते छान दिसतं. बाहेर काम करताना मात्र एका नळासाठी चार कप्प्यांत हात घालावा लागतो, आणि परत ठेवताना कोणी चार कप्पे उघडत नाही, सगळं वरच्या कप्प्यात पडतं. म्हणून कामाप्रमाणे लावा. कॅनव्हासच्या चेनवाल्या थैल्या घ्या, वेगवेगळ्या रंगाच्या. एक वायरिंगची, त्यात वायर सोलायचा स्ट्रिपर, वायरच्या टोकाला लावायच्या धातूच्या लग्ज आणि त्या दाबून बसवायची क्रिम्पिंगची पक्कड, इन्सुलेशन टेप, इन्सुलेटेड ड्रायव्हर. एक नळाची, त्यात टेफ्लॉन टेप, वॉशर, स्क्रू पाना, जुना ब्रश. वर चढायचं असेल तर अख्खी पेटी न नेता एकच थैली खांद्याला. टेपासारखी स्वस्त वस्तू दोन्ही थैल्यांत असली तरी बिघडत नाही, टेप शोधायला खाली उतरण्यापेक्षा बरं.

पेटीच्या वरच्या ट्रेमध्ये फक्त पोचल्यावर पहिल्या दहा मिनिटांत लागणाऱ्या वस्तू. टेस्टर, मेजर टेप, मार्कर, टॉर्च, कटर, चष्मा. टॉर्च डोक्याला लावायचा घ्या, तोंडात धरून काम करायचं वय गेलं आपलं. जड ते तळाला आणि मधोमध, एका टोकाला ठेवलंत की पेटी चालताना पायावर आपटत राहते. स्क्रू-वॉशर पारदर्शक डबीत, आणि डबी अशी की तिची प्रत्येक खणाची भिंत झाकणाला टेकते, नाहीतर गाडीच्या एका खड्ड्यात सहा एमएमचे आठ एमएमच्यात.

फोम कापून प्रत्येक अवजाराची खोबण करतात ते तुम्ही पाहिलं असेल. विमानांच्या दुरुस्तीत ही पद्धत असते, वर एका रंगाचा फोम आणि खाली दुसऱ्या, अवजार जागेवर नसलं की खालचा भडक रंग दिसतो आणि कळतं की काहीतरी आत राहिलंय, कारण इंजिनात राहिलेला एक पाना विमानाला महागात पडतो. कल्पना एक नंबर आहे, पण फोम जागा खूप खातो, आणि पक्कड बदलली की खोबण बदला. मी त्याऐवजी भरलेल्या पेटीचा आणि प्रत्येक उघड्या थैलीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवलाय, निघायच्या आधी फोटो आणि पेटी शेजारी धरायची, अर्ध्या मिनिटात समजतं काय राहिलं ते. या फोटोने माझा मीटर दोनदा परत आणून दिलाय. तिसऱ्यांदा घाईत फोटो बघितला नाही आणि मीटर गेला तो गेलाच.

प्रश्न : पहिल्यांदाच विमानाने साइटवर चाललोय. ड्रिल मशीन, बॅटऱ्या, हातअवजारं असं सगळं सामान आहे. विमानतळावर काढून घेतील का?

उत्तर : नीट भरलंत तर नाही घेणार. अवजारं चेक-इनच्या सामानात. केबिनमध्ये किती लांबीचं अवजार चालतं याचे नियम देशादेशांत वेगळे, त्या भानगडीत पडूच नका. कटरची ब्लेडं आणि पटाशीचं तोंड जाड पुठ्ठ्यात गुंडाळून टेप मारा, बॅग तपासणाऱ्याचा हात कापायला नको. बॅटरीचं मात्र उलटं, सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनमध्ये चालत नाहीत, त्या आपल्याजवळ केबिनमध्येच न्यायच्या, कारण आग लागलीच तर वर माणसं आहेत विझवायला, खाली नाहीत. प्रत्येक बॅटरीच्या टोकांवर टेप किंवा तिचं झाकण, दोन टोकं धातूला लागून शॉर्ट होऊ नयेत म्हणून.

किती मोठी चालते ते वॉट-अवरवर ठरतं, व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. १८ व्होल्टची ५ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ९० वॉट-अवर, १०० च्या आत, चालते. तीच ६ ची घेतली की १०८ झाली, मग एअरलाइनची परवानगी आधी घ्यायची आणि तशा सुट्या दोनच नेता येतात. १६० च्या वर प्रवाशाला नेताच येत नाही. बॅटरीवर आकडा छापलेला असतो, तो पुसट झाला असेल तर तपासणीला वाद होतो, म्हणून लेबल घासून गेलेली जुनी बॅटरी घरीच ठेवा. गंजावर मारायचा ज्वालाग्राही स्प्रे आणि गॅसवर चालणारी सोल्डरिंगची कांडी नेऊ नका, ते तिकडे पोचल्यावर घ्या. आणि पेटीचं वजन घरीच करा, किती किलो चालतं ते एअरलाइन आणि तिकिटाप्रमाणे बदलतं, आणि ३२ किलोच्या वरची बॅग पैसे भरून पण साधारणपणे घेत नाहीत.

प्रश्न : पावसात पेटी भिजते आणि पाने गंजतात. वॉटरप्रूफ पेटी घेतली तरी आत गंज आलाच, असं का?

उत्तर : कारण पाणी तुम्हीच आत बंद करताय. ओली अवजारं घालून घट्ट रबराची पेटी लावली की ओल बाहेर जायला वाट नाही. आधी फडक्याने पुसा, मग त्याच फडक्याला दोन थेंब मशिनचं तेल लावून पान्यांवरून फिरवा, घरी आलात की पेटी रात्रभर उघडी ठेवा. सिलिका जेलच्या पुड्या घाला पण त्या पण ओल पिऊन भरतात, मधूनमधून वाळवाव्या लागतात, वर्षभर तीच पुडी ठेवून काही होत नाही. तळाला स्पंज असेल तर काढून टाका, तो पाणी धरून बसतो.

प्रश्न : साइटवरचे लोक माझीच अवजारं मागून नेतात आणि परत देत नाहीत. तोंडावर नाही म्हणता येत नाही. काय करू?

उत्तर : देण्यासाठी म्हणून एक वेगळी पक्कड आणि एक वेगळा ड्रायव्हर ठेवा, जुने, थोडे घसरणारे. बाकी सगळ्यांच्या मुठीवर भडक रंगाच्या टेपचा एक वेढा मारा म्हणजे दुसऱ्याच्या पेटीतून आपलं लांबूनच ओळखू येतं. मागायला आला की ती जुनी पक्कड पुढे करायची. माझी अशी पक्कड आहे, सहा वर्षं झाली, दर वेळी त्याच दिवशी परत येते.