वाळवीचे औषध डोंगळ्यांवर नको

प्रश्न: पेरूच्या खोडावर मातीचा थर चढला आहे. त्याच झाडावर काळ्या डोंगळ्यांची रांगही आहे. दोन्हींसाठी वाळवीचे औषध बुंध्याशी ओतले तर चालेल का?

उत्तर: डोंगळ्यांसाठी ओतू नका. वाळवी साल आणि मुळे खाते. डोंगळा झाड खायला चढतच नाही. उलट तो वाळवीही मारतो.

आधी थर नखाने खरवडा. आत मळकट पांढरे, मऊ अंगाचे किडे असतील तर ती वाळवी. तिला कंबर नसते, मिशा सरळ असतात. डोंगळ्याची कंबर बारीक आणि मिशा मध्येच वाकलेल्या. पहिल्या पावसानंतर उडणाऱ्यांचे चारही पंख सारख्या लांबीचे असतील तर वाळवी. मागचे आखूड असतील तर मुंग्या-डोंगळे.

डोंगळ्यांची रांग जिथे संपते तिथे पाहा. बहुतेक वेळा तिथे मावा किंवा पिठ्या ढेकूण या रस शोषणाऱ्या किडी सापडतात. त्यांचा गोड चिकटा मिळावा म्हणून डोंगळे या किडी खाणाऱ्या ढालकिड्यांना हुसकावतात आणि कीड वाढते. म्हणून रांग तोडा. खोडाला 400 गेज (जाडीचे माप) प्लास्टिकची 25 सेंमी रुंद पट्टी सुतळीने आवळा आणि पट्टीवर ग्रीस लावा, सालीवर नाही. पट्टीखालच्या फटी ओल्या मातीने बुजवा. जमिनीला किंवा कुंपणाला टेकणारी एक फांदी राहिली तरी डोंगळे तिथून चढतात, ती छाटा. पिठ्या ढेकणावर व्हर्टिसिलियम लेकॅनी (कीड मारणारी बुरशी) 5 ग्रॅम प्रति लिटर पाण्यातून संध्याकाळी फवारा. हवा कोरडी असेल तर बुरशी रुजत नाही.

वाळवीसाठी खोडावरचा थर खरवडून काढा, बुंध्याजवळचा वाळलेला पालापाचोळा, लाकडे आणि कच्चे शेणखत हटवा. अर्धवट कुजलेले खत हे वाळवीला आमंत्रणच. पाण्याचा ताण बसलेले झाड आधी बळी पडते, तेव्हा पाणी वेळेवर द्या.

जवळ वारूळ असेल तर त्याचा एक कोपरा फोडून ठेवा. दुसऱ्या दिवशी तो ओल्या मातीने बुजलेला दिसला तर आत वस्ती आहे. नुसता वरचा ढिगारा पाडून उपयोग नाही, राणी आतल्या घट्ट मातीच्या कप्प्यात असते आणि वारूळ पुन्हा उभे राहते. पहारीने मधोमध खोल भोक पाडा आणि क्लोरपायरीफॉस 20 ईसी (20 टक्के तीव्रतेचे, पाण्यात मिसळायचे वाळवीचे औषध) 15 मिली प्रति 10 लिटर पाणी या प्रमाणात केलेले 50 लिटर द्रावण हळूहळू ओता. लेबलवरच्या सूचना आधी वाचा, हातमोजे घाला. विहिरीलगत किंवा ओढ्याकाठी हे औषध वापरू नका.