टोमॅटो सूप घातलेला जुना अमेरिकन केक खरंच चांगला लागतो का? अंड्याशिवाय जमेल का?

तुम्ही विचारलंय की जुन्या अमेरिकन पाककृतींत डब्यातलं टोमॅटो सूप घालून केलेला केक सापडतो, तो खरंच कोणी खायचं का, सूपचा वास येत नाही का, आणि पुण्यात अंड्याशिवाय करता येईल का. लोक खायचे, आजही खातात. वास येत नाही. आणि पुण्यात नक्की जमेल, फक्त सूप घरी करून घ्यावं लागेल. मी न्यू जर्सीत राहते आणि गेली नऊ वर्षं दर थंडीत हा केक करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मला तो शेजारच्या आजींनी शिकवला. त्यांच्या आईच्या अक्षरातलं एक कार्ड होतं, लोण्याच्या डागांनी कडा अगदी आरपार दिसायला लागलेल्या. त्यावर ‘अंड्याएवढं लोणी’, ‘सूपचा एक डबा’, ‘मध्यम ओव्हन’ एवढंच. तापमान नाही, वेळ नाही. जुन्या कार्डांची ही भाषा एकदा कळली की अडत नाही: अंड्याएवढं लोणी म्हणजे साधारण ५५ ग्रॅम, आणि मध्यम ओव्हन म्हणजे ३५० फॅरनहाइट, आपल्या हिशोबाने १७५ ते १८० सेल्सिअस.

हे सूप आलं कुठून ते कळलं की केकही कळतो. आमच्याच राज्यातल्या कॅम्डेन गावी, कॅम्पबेल कंपनीत, जॉन डोरन्स या रसायनशास्त्रज्ञाने १८९७ मध्ये निम्मं पाणी काढून टाकलेलं दाट सूप डब्यात भरलं. वजन घटलं, वाहतूक स्वस्त झाली आणि डबा दहा सेंटला मिळू लागला. पुढे १९२९ नंतर मंदी आली. १९३३ मध्ये इथे चारातला एक कामगार बेकार होता. अंडी, दूध, लोणी जपून वापरायचे दिवस ते. घरात मैदा, साखर, मसाले आणि सूपचा डबा असायचा, त्यातून बायकांनी हा केक उभा केला. अंडं नाही, दूध नाही, लोणी थोडंसंच. ज्यांना तेही परवडत नसे त्या वनस्पती तूप घालायच्या. मला या बायकांबद्दल फार आदर वाटतो, कारण त्यांनी हाताशी होतं त्यातून खरोखर चांगला केक केला.

टोमॅटो इथे नावापुरता नाही, तो काम करतो. त्याच्या आंबटपणाशी खाण्याच्या सोड्याची गाठ पडली की वायू सुटतो आणि केक फुगतो. त्यातच आंबटपणाही मरतो, म्हणून तोंडात टोमॅटो ओळखू येत नाही. दाट गरामुळे केक ओलसर राहतो. टोमॅटोची आमटीत जाणवते ती खमंग खोली मात्र मागे उरते आणि दालचिनी, लवंग, जायफळ तिच्यावर उठून दिसतात. रंग विटकरी येतो. न सांगता दिलात तर लोक गाजर किंवा भोपळा म्हणतात. इथे याला ‘मिस्टरी केक’ असंही नाव आहे. पण कोणाला टोमॅटो सोसत नसेल तर आधी विचारा, तिथे गुपित ठेवू नका.

आता सूप. पाकिटातली सूपची पावडर चुकूनही घेऊ नका, तिच्यात बहुतेक वेळा कांदा-लसूण असतो. मी एकदा सुट्टीत बहिणीकडे घाईने तीच वापरली आणि अख्खा केक फोडणीच्या वासाचा झाला. पातळ, तयार पिण्याचं सूपही चालत नाही, केक मध्ये कच्चा राहतो. पाऊण किलो लालबुंद टोमॅटो उकडून, गाळून, गर आटवत आटवत पाव किलोच्या आसपास आणा. त्यात २ मोठे चमचे साखर, अर्धा छोटा चमचा मीठ आणि थोड्या पाण्यात कालवलेला १ मोठा चमचा मैदा घालून दोन मिनिटं शिजवा. ३०० ग्रॅम भरलं पाहिजे. पूर्ण गार होऊ द्या. डब्यातल्या सूपमध्येही टोमॅटोबरोबर साखर, मैदा आणि मीठच असतं, म्हणून केकमध्ये वेगळं मीठ नको आणि लोणीही बिनमिठाचं घ्या.

५५ ग्रॅम लोणी २०० ग्रॅम साखरेबरोबर फेसा. लोणी कमी असल्याने ते रवाळच दिसेल, काळजी करू नका. २५० ग्रॅम मैदा, १ छोटा चमचा दालचिनी पूड, अर्धा चमचा जायफळ, अर्धा चमचा सुंठ आणि पाव चमचा लवंग एकत्र चाळा. लवंग वाढवू नका, ती बाकी सगळ्यांना दाबते. वाटीभर मनुका आणि अर्धी वाटी अक्रोडाचे तुकडे थोड्या मैद्यात घोळवून ठेवा.

मग मला सगळ्यात आवडणारा भाग. सूप मोठ्या वाडग्यात घ्या, मोठ्याच, आणि त्यात १ सपाट छोटा चमचा सोडा घालून ढवळा. क्षणात बारीक सरसर ऐकू येते, सूप फेसाळून वर चढतं आणि लाल रंगाचा फिकट नारिंगी होतो. माझा मुलगा एवढं बघायला स्टुलावर चढून उभा राहतो. आता रेंगाळू नका, वायू निघून गेला तर केक बसतो. सूप आणि मैदा आलटून पालटून लोण्यात मिसळा, मनुका-अक्रोड घाला, आठ इंची चौकोनी भांड्यात ओता आणि लगेच आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये ठेवा. मिश्रण इडलीच्या पिठाहून बरंच घट्ट असतं, पाणी घालायचा मोह आवरा. १७५ अंशांवर चाळीस मिनिटांनी काडी खुपसून बघा, पंचेचाळीसपर्यंत होतो.

वर क्रीम चीजचा थर देतात, तो नंतरच्या सुबत्तेचा. आजी कधी देत नसत, मीही देत नाही.

आणि त्याच दिवशी कापू नका. गार झाल्यावर कापडात गुंडाळून डब्यात ठेवा. पहिल्या दिवशी लवंग आणि सुंठ वेगवेगळ्या लागतात, दुसऱ्या दिवशी दुपारच्या चहापर्यंत सगळं एकजीव होतं आणि मनुका मऊ पडतात. शनिवारी रात्री करून रविवारी चार वाजता खा.