हीट पंप, गिझर आणि छतावरचं सोलर : अनुदान कुठे आहे, कुठे नाही
वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

दिवाळी सरली की पाणी तापवण्याबद्दलची पत्रं येऊ लागतात. यंदा त्यांतली बरीचशी हीट पंप आणि सरकारी अनुदानावर आहेत. सारख्या प्रश्नांना एकत्रच उत्तर दिलं आहे.

प्रश्न : दुकानदाराने दोनशे लिटरचा हीट पंप दाखवला. किंमत लाखाच्या आसपास, पण ‘सरकारी सबसिडी मिळते’ म्हणाला. अर्ज कुठे करायचा? घरात आम्ही चौघं आहोत.
– वाचक, धरमपेठ

उत्तर : अर्ज करायला तशी योजनाच नाही. घरगुती हीट पंपासाठी केंद्र किंवा राज्य सरकार अनुदान देत नाही. सोलर वॉटर हीटरला पूर्वी केंद्राचं अनुदान मिळायचं, तेही 2014 मध्ये बंद झालं. आता मिळतं ते छतावरच्या वीजनिर्मितीला, म्हणजे ‘पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजने’त. दुकानदाराने दोन्ही गोष्टींची सरमिसळ केलेली दिसते. योजनेचं नाव त्याच्या कोटेशनवर लिहून मागा, लगेच उलगडा होईल.

अनुदान बाजूला ठेवून यंत्राचा हिशेब करू. हीट पंप पाणी स्वतः तापवत नाही, हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो. म्हणून एका युनिट विजेत तीन युनिटांइतकी उष्णता मिळते. चौघांना रोज 120 लिटर पाणी 25 अंशांनी तापवायचं तर साडेतीन युनिट उष्णता लागते. टाकीतून वाया जाणारी धरून गिझर चारेक युनिट खातो, हीट पंप दीडच्या आत. म्हणजे रोजची बचत अडीच युनिटांची. नागपुरात गरम पाणी लागतं नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये छतावरच्या टाकीचं पाणीच अंगावर घेववत नाही! चार महिन्यांत तीनशे युनिट वाचले आणि सगळे आकार धरून युनिटला बारा रुपये मानले, तरी वर्षाला 3,600 रुपये होतात. गिझरपेक्षा 80-90 हजार रुपये जास्त मोजायचे आणि ते वसूल व्हायला बावीस-पंचवीस वर्षं थांबायचं. यंत्राचं आयुष्य त्याच्या निम्मंच धरा. चौघांच्या घराला आम्ही हीट पंप घ्या म्हणणार नाही. वसतिगृह, रुग्णालय, बाराही महिने लग्नं असणारं मंगल कार्यालय, इथे मात्र तो चांगला परवडतो.

प्रश्न : आमच्या एकत्र कुटुंबाने हीट पंप घेतला. पहिल्या थंडीत बरा चालला, आता पाणी कोमट येतं आणि मशीन तासन्‌तास सुरू राहतं.
– वाचक, महाल

उत्तर : आधी जागा बघा. यंत्र बंद डक्टमध्ये किंवा जिन्याखाली बसवलं असेल तर स्वतःच फेकलेली थंड हवा ते पुन्हा ओढतं आणि त्याची कार्यक्षमता घसरते. समोर निदान तीन-चार फूट मोकळी जागा हवी. मग जाळी आणि कॉइलवरची धूळ पाहा. तरीही फरक पडला नाही, तर क्षार. पेंच-कन्हानच्या नळाच्या पाण्यावर एवढा त्रास होत नाही, पण टाकीत बोअरचं पाणी मिसळत असाल तर आत थर बसतो. टाकीतला मॅग्नेशियमचा रॉड वर्षातून एकदा काढून बघावा आणि निम्म्याहून जास्त झिजला असेल तर बदलावा. हा रॉड संपला की गंज टाकीला लागतो आणि टाकी गळायला लागली की दुरुस्ती परवडत नाही. यंत्रातून ठिबकणारं साधं थंड पाणी हा बिघाड नाही. हवेतला दमटपणाच तो, त्याला नळी लावून मोरीत सोडा.

प्रश्न : मुलाने मँचेस्टरला जुनं घर घेतलं आहे. गॅस बॉयलर काढून हीट पंप लावला तर तिथलं सरकार साडेसात हजार पौंड देतं म्हणतो. खरं आहे का? आम्हाला काळजी वाटते.
– वाचक दांपत्य, लक्ष्मीनगर

उत्तर : खरं आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये ‘बॉयलर अपग्रेड स्कीम’ 2022 पासून सुरू आहे. हवेवर चालणाऱ्या हीट पंपाला आधी 5,000 पौंड मिळायचे, ऑक्टोबर 2023 पासून 7,500 मिळतात. अर्ज मुलाने करायचा नाही. एमसीएस (तिथलं दर्जाचं) प्रमाणपत्र असलेला इन्स्टॉलर ऑफजेम या नियामकाकडे अर्ज करतो आणि अनुदानाची रक्कम बिलातून वजा करतो. व्हाउचर मंजूर झालं की तीन महिन्यांत काम उरकावं लागतं. शिवाय 31 मार्च 2027 पर्यंत तिथे या कामावर व्हॅट शून्य आहे. स्कॉटलंडची योजना वेगळी आहे, मँचेस्टरला तिचा संबंध नाही.

काळजी पैशांची नको, घराची करा. तिथला हीट पंप आंघोळीच्या पाण्यापुरता नसतो, रेडिएटरमधून सगळं घर तापवतो. गॅस बॉयलर रेडिएटरला 65-70 अंशांचं पाणी पुरवतो, हीट पंप 45-50 अंशांवर सर्वांत स्वस्त चालतो. त्यामुळे जुने छोटे रेडिएटर अपुरे पडतात. जुन्या घरांत आठ-दहा मिलिमीटरच्या बारीक तांब्याच्या नळ्या असतील तर त्याही अडतात. कॉम्बी बॉयलर (टाकीशिवाय लागेल तसं पाणी तापवणारा) काढला की गरम पाण्याचा सिलिंडर ठेवायला कपाटाएवढी जागाही शोधावी लागते. मुलाला सांगा, कोटेशनसोबत खोलीवार उष्णतेचा हिशेब मागून घे. नुसतं चौरस फुटांवर यंत्र सुचवणारा इन्स्टॉलर दारातूनच परत पाठवावा.

प्रश्न : छतावर 3 किलोवॅटचं सोलर घ्यावं की 5? हिवाळ्यात बिल 200 युनिटांचं, मे महिन्यात 550. वर्षाची बेरीज 3,900. विक्रेता म्हणतो, मोठं घ्या, बिल कायमचं शून्य.
– वाचक, मनीषनगर

उत्तर : 3 घ्या. पीएम सूर्यघरमध्ये पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30,000 आणि तिसऱ्याला 18,000 असे 78,000 रुपये मिळतात. त्यापुढे कितीही किलोवॅट लावा, रुपयाही वाढत नाही. नागपूरच्या उन्हात एक किलोवॅट सरासरी रोज चार युनिट देतो, म्हणजे 3 किलोवॅटचे वर्षाला 4,300 च्या आसपास. तुमची गरज भागते. छतावर सावली नसलेली तीनशे चौरस फूट जागा लागेल.

शून्य बिलाचं म्हणाल तर स्थिर आकार भरावाच लागतो. दुसरी गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे छतावरून ग्रिडला दिलेली वीज बिलातून वजा होण्याच्या पद्धतीत, जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात, पण ते 31 मार्चपर्यंतच. त्या दिवशी उरलेले युनिट महावितरण ठरलेल्या दराने विकत घेतं आणि खातं कोरं होतं. तो दर तुम्ही विजेला मोजता त्याच्या जवळपासही नसतो. आपल्याकडे खरा खप एप्रिल ते जूनचा. म्हणजे हिवाळ्यात साठवलेले युनिट कूलर-एसीच्या दिवसांना उपयोगी पडतच नाहीत. उन्हाळा तोंडावर येतो आणि साठा संपतो. 5 किलोवॅट लावलं तर हा वाया जाणारा साठाच फुगेल.

हीट पंपाच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. सोलर लावल्यावर डिसेंबर-जानेवारीत जे युनिट शिल्लक राहतात, त्यांच्यावर साधा पाच स्टारचा गिझर चालवा. मार्चअखेर कवडीमोलाने जाणार असलेली वीज आंघोळीच्या पाण्याला लागते. लाखभर रुपयांचं यंत्र घेऊन याहून जास्त काय वाचणार?

प्रश्न : अर्जाची नेमकी पद्धत काय? मीटर अजून आजोबांच्या नावावर आहे.
– वाचक, नंदनवन

उत्तर : आधी मीटरवरचं नाव बदला, सोलरचं नंतर. वीजबिल, अर्ज आणि बँक खातं यांतलं नाव जुळलं नाही की सगळं बसून, चालू होऊनही अनुदान लटकतं. नावात बदल करायचा अर्ज महावितरणच्या संकेतस्थळावर होतो. सोबत घराची कागदपत्रं, कर पावती आणि वारसांची संमती लागते. गुंठेवारीतल्या लेआउटमध्ये असाल तर नासुप्रचं (नागपूर सुधार प्रन्यासचं) आरएल, म्हणजे भूखंड नियमित केल्याचं, पत्र फाइलमध्ये असू द्या.

त्यानंतर पीएम सूर्यघरच्या पोर्टलवर 12 अंकी ग्राहक क्रमांक आणि मोबाइल टाकून नोंदणी करायची, अर्ज भरायचा आणि यादीतला नोंदणीकृत विक्रेता निवडायचा. 10 किलोवॅटपर्यंतचा अर्ज तांत्रिक तपासणीशिवाय मंजूर धरला जातो. मंजूर भार कमी असेल तर तो वाढवणं महावितरणचं काम. पॅनल बसली की तपशील पोर्टलवर चढतो, नेट मीटर लागतो, तपासणी होते. शेवटी तुम्ही बँकेचा तपशील भरता आणि साधारण तीस दिवसांत पैसे थेट तुमच्या खात्यात येतात. विक्रेत्याच्या खात्यात नाही! त्यामुळे सुरुवातीला पूर्ण रक्कम तुम्हालाच उभी करावी लागते, 3 किलोवॅटला 1.8 ते 2.1 लाख. राष्ट्रीयीकृत बँका यासाठी दोन लाखांपर्यंत विनातारण कर्ज देतात आणि व्याज रिझर्व्ह बँकेच्या रेपो दरापेक्षा साधारण अर्धा टक्का जास्त असतं. सोलरवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्के झाला आहे, कोटेशन जुन्या दराचं नाही ना ते बघा.

सगळ्यात जास्त अर्ज फसतात ते पॅनलवर. अनुदानासाठी सेल आणि पॅनल दोन्ही भारतीय बनावटीचे, म्हणजे डीसीआर, लागतात. कोटेशन स्वस्त दिसलं की हीच काटछाट झालेली असते. पॅनल छतावर चढण्याआधी त्यांच्या अनुक्रमांकांचे फोटो काढून ठेवा आणि बिलावर ‘डीसीआर’ लिहून घ्या. पाच वर्षांची देखभाल योजनेच्या अटीतच येते, तिचे वेगळे पैसे देऊ नका.

प्रश्न : आमचा खप महिन्याला 70-80 युनिट. आम्हाला काही?
– वाचक, यशोधरानगर

उत्तर : तुमच्यासाठी राज्याची ‘स्मार्ट’ योजना आहे. शंभर युनिटांच्या आतल्या ग्राहकाला 1 किलोवॅटसाठी केंद्राचे 30,000 आणि राज्याचे 10,000 मिळतात, पदरचे 10,000 घालायचे. अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकाला राज्याकडून 15,000, स्वतःचे 5,000. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला राज्य 17,500 देतं, म्हणजे खिशातून फक्त 2,500. 75 युनिटांना 1 किलोवॅट भरपूर होतं.

प्रश्न : वीस फ्लॅटची आमची स्कीम, म्हणजे इमारत. लिफ्ट आणि पंपाचं बिल फार येतं. छत सगळ्यांचं आहे.
– वाचक, बेसा

उत्तर : सामायिक जोडणीसाठी सोसायटीला किलोवॅटमागे 18,000 रुपये मिळतात. बिल्डरच्या नावावर राहिलेलं मीटर आधी संस्थेच्या नावावर करून घ्या. आपल्याकडे बऱ्याच स्कीम सहकारी संस्था नसून अपार्टमेंट डीडवर चालतात. त्या डीडमध्ये छताचा हक्क कुणाला दिला आहे ते वाचा. वरच्या मजल्यावाल्याला दिला असेल तर त्याच्या लेखी संमतीशिवाय एक पॅनलही बसणार नाही. सर्वसाधारण सभेचा ठराव लागेलच.

प्रश्न : मेमध्ये ऊन सर्वांत कडक, तरी आमचं सोलर मार्चपेक्षा कमी युनिट देतं. शिवाय लाइन गेली की भर दुपारीही घरात पंखा बंद. पॅनल खराब आहेत का?
– वाचक, कोराडी रोड

उत्तर : पॅनलला उजेड हवा असतो, उष्णता नको. 25 अंशांच्या वर दर अंशाला साधारण 0.35 टक्के वीज घटते. 45 अंशांच्या दुपारी काच आणि सेल 65-70 अंशांपर्यंत तापतात, म्हणजे पंधरा टक्के तिथेच गेले. छत आणि पॅनल यांत निदान फूटभर अंतर असेल तर खालून वारा खेळतो आणि थोडा फरक पडतो. बाकीची घट धुळीची. कोराडी-खापरखेडा भागात वीज केंद्रांची राख उडते, पंधरवड्याला तरी धुवावं लागतं. पहाटे किंवा ऊन उतरल्यावर धुवा, तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं की तडा जाऊ शकतो. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग राहतात आणि ते सावलीसारखंच काम करतात. नळाचं पाणी, मऊ कापड, साबण नको.

लाइन गेल्यावर बंद पडणं हा दोष नाही. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या छतावरून शॉक बसू नये म्हणून ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. दुपारची सोय हवी असेल तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागेल. बॅटरीचा खर्च मात्र अनुदानात धरला जात नाही. आणि जाता जाता अर्थिंगचे खड्डे मोजा : डीसी (पॅनलची बाजू), एसी (घराची बाजू) आणि आकाशातल्या विजेसाठीचा वीजरोधक असे तीन वेगळे हवेत. दोनच असतील तर पावसाळ्याआधी विक्रेत्याला बोलवा.