सातारा-सांगली भागात कोणत्या महिन्यात कोणती फुलपाखरं दिसतात आणि ती शोधायची कशी?

तुमची तक्रार अशी की सांगलीत घराभोवती फुलझाडं भरपूर असूनही तीच ती दोन-तीन फुलपाखरं दिसतात, आणि ऐन सप्टेंबरात कासला जाऊनही फारसं काही दिसलं नाही. माझ्या मते दोन्हींचं मूळ एकच आहे. तुम्ही फुलं बघताय, पानं बघायला हवीत. मध पिणारं फुलपाखरू फुलावर टेकतं ते काही क्षण. मादी मात्र ठरावीक झाडाच्या पानावर अंडी घालते आणि अळी तेच पान खाऊन वाढते. ते झाड सापडलं की फुलपाखरू सापडतंच, आज नाही तर आठवड्याने.

सुरुवात कढीपत्त्यापासून करा. कोवळ्या शेंड्याच्या पानावर मोहरीहून लहान, फिकट पिवळा गोल मणी दिसला तर ते लाइम बटरफ्लाय किंवा कॉमन मॉर्मनचं अंडं. तीन ते पाच दिवसांत अळी बाहेर येते. सुरुवातीला ती हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून बहुतेक जण ती बघूनही बघत नाहीत. चार वेळा कात टाकल्यावर ती हिरवीगार होते. हलकेच बोट लावलं तर डोक्यामागून दुभंगलेलं शिंग बाहेर येतं आणि आंबट उग्र वास सुटतो. अंड्यापासून पंखापर्यंत साधारण एक महिना जातो, थंडीत जास्त. लिंबू, ईडलिंबू असेल तर महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू राणी पाकोळी, म्हणजे ब्लू मॉर्मन, तिथेही अंडी घालतं. 2015 साली त्याला हा मान मिळाला. पंखांचा विस्तार 12 ते 15 सेंटिमीटर, त्यामुळे चुकून नजरेतून सुटत नाही.

इथे एक गोष्ट हमखास बिघडते. नर्सरीतून आणलेल्या रोपावर बऱ्याचदा आंतरप्रवाही कीटकनाशक मारलेलं असतं. ते पानाच्या रसात उतरतं, त्यामुळे पानं धुऊन उपयोग नाही. अळ्या दोन दिवसांत मरतात. नवं रोप आणलं की जुनी पानं छाटा आणि दोन-तीन महिने नवी फूट येऊ द्या.

कुंपणाला उंच सरळसोट अशोक, म्हणजे खरं तर आसुपालव, असेल तर हिरव्या ठिपक्यांचा टेल्ड जे तिथेच घिरट्या घालतो. सीताफळही त्याला चालतं. आंब्यावर बांडगूळ असेल तर लगेच तोडू नका, पिवळा-लाल कॉमन जेझबेल त्यावरच वाढतो. आणि तुमच्या सांगलीचं खास म्हणजे हळद. ऑगस्ट ते ऑक्टोबर हळदीच्या किंवा आल्याच्या वाफ्यात कडेने दुमडून धाग्यांनी शिवल्यासारखं पान शोधा. ते अलगद उघडलं की आत अर्धपारदर्शक हिरवी, काळ्या डोक्याची अळी दिसते. ही ग्रास डेमनची. फुलपाखरू काळपट, मागच्या पंखावर पांढरा मोठा डाग, उडतं झपाट्याने. परसातल्या चार वाफ्यांत अशी दहा पानं दिसली म्हणून फवारणी करायची काहीच गरज नाही. आटपाडीच्या डाळिंबवाल्यांचा अनुभव वेगळा आहे. फळ पोखरणारी सुरसा अळी हीसुद्धा एका फुलपाखराचीच आहे, आणि तिथे शेतकऱ्याचं नुकसान खरं आहे.

आता ऋतू. आपल्याकडे एकच कॅलेंडर चालत नाही, कारण महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस आणि माण-आटपाडीकडे पाचशेच्या आसपास. वळवाचे एक-दोन चांगले सरी-सडाके झाले की बहाव्याच्या कोवळ्या पालवीवर फिकट पिवळी एमिग्रंट फुलपाखरं अंडी घालू लागतात. जून-जुलैत टाकळा उगवला की त्यावर ग्रास यलो येतात. जुलै-ऑगस्टात घाटमाथ्यावर संततधार असते, तेव्हा तिकडे जाऊ नका. याच दिवसांत पूर्वेकडे उघडीप मिळते, मग दंडोबाचा डोंगर किंवा सागरेश्वर अभयारण्य गाठा. सर्वांत चांगला काळ सप्टेंबरचा उत्तरार्ध ते नोव्हेंबर. थंडीत संख्या घटते. मार्च-एप्रिलमध्ये ओढ्याकाठच्या ओल्या वाळूवर नर क्षार शोषायला जमतात. तिथे दहा पावलांवर शांत बसून राहिलात तर एकाच जागी चार-पाच जाती दिसतात.

कासला तुम्हाला काही दिसलं नाही ते बहुतेक वारा आणि धुक्यामुळे. फुलपाखराला उडण्यासाठी छातीचे स्नायू तापवावे लागतात. ऊन नसेल तर ते गवतात पंख मिटून बसून राहतं. पठारावर फुलांचा बहार असतो, पण आडोसा नाही. त्यापेक्षा यवतेश्वर घाटाच्या कडा किंवा बामणोलीकडे उतरणारी झाडी बघा, आणि ऊन पडल्यावरच. पठारावर पायवाट सोडू नका, पायाखाली रोपं जातात. कुठेही गेलात तरी बघायची वेळ अशी: ऑक्टोबरात सकाळी साडेआठ ते अकरा, डिसेंबरात दहानंतर, एप्रिलमध्ये मात्र सकाळी लवकर.

ओळखताना दोन जोड्या फसवतात. कॉमन मॉर्मनची एका रूपातली मादी क्रिमसन रोझची नक्कल करते, कारण क्रिमसन रोझ विषारी असतं, पक्षी त्याला टाळतात. अंगाकडे बघा: लाल अंग म्हणजे क्रिमसन रोझ, काळं अंग म्हणजे मॉर्मन. दुसरी जोडी रुईच्या झुडपाभोवती भेटते. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यावर तीन काळे ठिपके असतात, नराला चार. त्याची नक्कल करणाऱ्या डॅनेड एगफ्लायच्या मादीला पुढच्या कडेशी एकच. म्हणून फोटो काढताना पंख उघडलेला आणि मिटलेला असे दोन्ही घ्या. संध्याकाळी घरात शिरणाऱ्या इव्हनिंग ब्राउनबद्दलही गोंधळ होतो: पावसाळ्यात पंखांखाली ठळक डोळे, कोरड्या दिवसांत नुसतं वाळक्या पानासारखं, तरी जात तीच.

जवळ जाताना सूर्य कुठे आहे ते आधी बघा. तुमची सावली अंगावर पडली की ते उडालंच. वाकून, हळू, तिरपं जा. दुर्बीण घ्यायची असेल तर आठ पटीची, पण दोन मीटरवर फोकस होणारी. लांबचे पक्षी बघायची दुर्बीण इथे निरुपयोगी ठरते. अळी घरात वाढवायचीच असेल तर जाळीचं झाकण, रोज ताजी पानं, तळाशी कागद आणि कोषासाठी उभी काडी ठेवा. डबा हवाबंद असला की बुरशी येते. काडी नसेल तर बाहेर आलेल्या फुलपाखराला लटकायला जागा मिळत नाही आणि पंख चुरगळलेलेच वाळतात. कोषातून गांधीलमाशीसारखा छोटा किडा निघाला तर तुमचं काही चुकलेलं नाही, अशाच किड्याच्या मादीने अळीत आधीच अंडी घातली होती.

वहीत तारीख, जागा, झाड आणि ऊन-पाऊस एवढं लिहा. पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात त्याच झाडापाशी जा.